विमानांचा आवाज: तक्रारीपासून नियमापर्यंत

विमानतळाशेजारी राहणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एका वाक्यात संपते: विमाने फार खालून जातात, फार आवाज करतात, काहीतरी करा. या वाक्यावर कोणतेही व्यवस्थापन काहीच करू शकत नाही, कारण बदलता येईल अशी एकही गोष्ट त्यात सांगितलेली नाही. कोणते विमान, उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यात, किती वाजता आणि कोणत्या धावपट्टीवरून, ही चार उत्तरे हातात आली की मागणी आपोआप नेमकी होते. नेमकी मागणी टाळणे अवघड असते. रहिवासी संघ, नगरपालिका आणि विमानतळ चालवणारे, तिघांनाही कामास येतील असे टप्पे पुढे दिले आहेत. लहान, स्थानिक विमानतळ डोळ्यासमोर ठेवले आहेत, कारण मोठ्या विमानतळांवर यासाठी स्वतंत्र खाते असते आणि लहान ठिकाणी सगळा भार दोन-चार माणसांवर पडतो.

१. आधी आवाज कुठून येतो ते ओळखा

जेट विमान वर चढताना मुख्य आवाज इंजिनाचा असतो. मागे फेकलेल्या हवेचा झोत जितका वेगवान, तितका गोंगाट जास्त. झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या साधारण आठव्या घातात वाढते, म्हणून रुंद पंख्याची, मंद झोताची नवी इंजिने जुन्यांपेक्षा इतकी शांत वाटतात. उतरताना गोष्ट उलटी होते. इंजिन जवळपास निवांत असते आणि आवाज येतो तो बाहेर काढलेल्या फ्लॅप, स्लॅट (पंखांच्या कडांचे हलते भाग) आणि चाकांवर आदळणाऱ्या हवेचा. तेव्हा उतरण्याच्या मार्गाखाली राहणाऱ्यांनी इंजिनाची शक्ती कमी करा असे सांगून काही होत नाही. चाके उशिरा काढा, मध्येच सपाट उडू नका, या मागण्यांनी फरक पडतो. एअरबस ए-३२० घराण्यातल्या विमानांची उतरण्याआधीची बारीक शिट्टी अनेकांच्या ओळखीची असेल. पंखाखालच्या इंधन टाकीच्या दाबछिद्रांवरून हवा जाताना ती होते. छिद्रापुढे हवेत भोवरा निर्माण करणारा छोटा पत्रा बसवला की ती थांबते. लुफ्तान्साने २०१४ पासून आपल्या विमानांना तो बसवायला घेतला. अशी शिट्टी ऐकू येत असेल तर मागणी विमान कंपनीकडे न्यायची, विमानतळाकडे नाही.

लहान विमानात दोषी बहुधा प्रोपेलर. पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागले की आवाज झपाट्याने वाढतो. १.९३ मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला २७०० फेऱ्यांनी फिरला तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७३ मीटर होतो. २४०० फेऱ्यांवर तो २४२ वर येतो. कानाला हा फरक स्पष्ट कळतो. हेलिकॉप्टरचा 'थप-थप' आवाज उतरताना सर्वाधिक असतो, कारण मध्यम वेगात, मध्यम उताराने येताना प्रत्येक पाते पुढच्या पात्याने सोडलेल्या भोवऱ्याला धडकते. आणि जमिनीवरचा आवाज विसरू नका: दुरुस्तीनंतरची इंजिन चाचणी, शेपटीतले सहायक इंजिन तासन्‌तास चालू ठेवणे, उतरल्यावर वेग कमी करायला वापरलेला इंजिनाचा उलटा झोत. नियम करायला सर्वांत सोपा हाच आवाज, कारण तो विमानतळाच्या हद्दीत होतो आणि त्यात उड्डाण-सुरक्षेचा प्रश्न फारसा येत नाही.

२. आकड्यांची भाषा शिका

डेसिबलची मोजपट्टी सरळ वाढत नाही. ३ डेसिबल वाढले म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. मोजणी ए-वेटिंगवर, म्हणजे कानाच्या संवेदनक्षमतेनुसार करतात.

तीन प्रकारचे आकडे वेगळे ठेवा. एल-मॅक्स म्हणजे एका विमानाचा सर्वांत मोठा क्षण. एसईएल म्हणजे त्या विमानाची येण्यापासून जाण्यापर्यंतची सगळी ऊर्जा एका सेकंदात दाबून बसवली तर होणारी पातळी. आणि तिसरा दिवसभराचा सरासरी निर्देशांक. अमेरिकेत डीएनएल वापरतात. त्यात रात्री १० ते सकाळी ७ मधल्या प्रत्येक आवाजाला १० डेसिबलचा दंड लागतो. युरोपच्या एल-डेनमध्ये रात्रीच्या दंडाबरोबर संध्याकाळला ५ डेसिबलचा दंड आहे.

डीएनएल कागदावर काढता येतो:

डीएनएल = सरासरी एसईएल + १० × लॉग (दिवसाची उड्डाणे + १० × रात्रीची उड्डाणे) − ४९.४

समजा सरासरी एसईएल ८० आहे, दिवसा १२० उड्डाणे, रात्री १२. उत्तर येते सुमारे ५४.४. आता दिवसाची उड्डाणे निम्मी केली, म्हणजे ६० विमाने बंद पाडली, तर आकडा ५३.२ होतो. त्याऐवजी रात्रीची फक्त १२ थांबवली तर ५१.४. वाटाघाटीला बसण्यापूर्वी हे गणित प्रत्येक रहिवासी संघाने स्वतःच्या आकड्यांवर करून पाहावे. रात्रीच्या थोड्याशा विमानांवर एकमत होणे शक्य असते. दिवसाच्या निम्म्या विमानांवर कोणीही राजी होणार नाही.

सरासरीची एक मोठी मर्यादा आहे आणि लहान विमानतळावर तीच नडते. प्रशिक्षणाचे विमान सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरावीक फेरीत, दर पाच-सहा मिनिटांनी त्याच छपरावरून जाते. तीन विमाने एकाच वेळी फिरत असतील तर तासाला तीसेक फेऱ्या होतात. प्रत्येक फेरी फार मोठी नसते, त्यामुळे सरासरी निर्देशांक सभ्य दिसतो आणि अहवाल 'परिणाम नाही' असे सांगतो. अशा ठिकाणी एन-६५ किंवा एन-७० मागा: दिवसात किती वेळा आवाज ६५ किंवा ७० डेसिबलच्या वर गेला, त्याची संख्या. ऑस्ट्रेलियात ही पद्धत रुळलेली आहे, आणि रहिवाशांच्या अनुभवाशी ती जास्त प्रामाणिक आहे.

मर्यादा किती, याचे उत्तर विचाराल त्याप्रमाणे बदलते. अमेरिकेत घरांसाठी ६५ डीएनएल ही रेषा धरतात. युरोपात नकाशे ५५ एल-डेन आणि रात्रीच्या ५० पासून काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत विमानांसाठी ४५ एल-डेन आणि रात्री ४० अशी शिफारस आहे. कायद्याची रेषा आणि आरोग्याची रेषा यांतले हे अंतर लक्षात ठेवा: 'मर्यादेच्या आत' याचा अर्थ 'त्रास नाही' असा होत नाही.

३. नोंदवही

किमान चार आठवडे नोंद ठेवा, आणि त्या काळात वाऱ्याच्या दोन्ही दिशा आल्या पाहिजेत. विमाने वाऱ्यासमोर उडतात आणि उतरतात, त्यामुळे एका आठवड्याची नोंद धावपट्टीच्या एकाच टोकाची गोष्ट सांगते. रकाने एवढे पुरेत: तारीख, मिनिटापर्यंत वेळ, वापरात असलेली धावपट्टी, चढणे की उतरणे की सर्किट, विमानाचा प्रकार, उंची, एल-मॅक्स असल्यास, आणि आवाज घराच्या आत मोजला की बाहेर.

विमानाची ओळख ते स्वतःच प्रसारित करत असलेल्या एडीएस-बी संकेतांवरून लागते. फ्लाइटरडार२४ किंवा एडीएस-बी एक्स्चेंज यांसारख्या सेवा ते दाखवतात. इथे तीन चुका वारंवार होतात आणि त्या तीनही नोंदवहीची विश्वासार्हता घालवतात.

पहिली, वेळ. अनेक नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात. स्थानिक वेळेत न बदलता पाठवलेली तक्रार विमानतळाच्या नोंदीशी जुळत नाही आणि रद्द होते.

दुसरी, उंची. एडीएस-बीतली नेहमीची उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून दिलेली असते. घरापासूनची उंची ती नव्हे. त्या वेळचा स्थानिक दाब, म्हणजे क्यूएनएच, विमानतळाच्या हवामान अहवालातून घ्या. दर हेक्टोपास्कलला सुमारे २७ फुटांची दुरुस्ती करा आणि मग जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा करा. पडद्यावर २००० फूट दिसत आहेत, क्यूएनएच १००३ आहे आणि तुमचे गाव ४०० फुटांवर आहे, तर विमान जमिनीपासून सुमारे १३३० फुटांवर होते.

तिसरी, न दिसणारी विमाने. बऱ्याच लहान विमानांत एडीएस-बी नसते. अशा वेळी फोटो कामास येतो. सेसना १७२ या लहान विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ११ मीटर. त्याच कॅमेऱ्याने, झूम न करता, माहीत असलेल्या अंतरावरची माहीत असलेल्या लांबीची वस्तू टिपून ठेवा. दोन्ही फोटोंतल्या पिक्सेलच्या प्रमाणावरून विमानाचे अंतर बऱ्यापैकी निघते.

'फार खालून' हा शब्द जपून वापरा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानाने दाट वस्तीवर, ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वांत उंच अडथळ्यापासून ३०० मीटर वर राहायचे असते, इतरत्र १५० मीटर. पण चढणे आणि उतरणे या नियमातून वगळलेले आहे. धावपट्टीच्या रेषेत राहणाऱ्याची 'कमी उंची'ची तक्रार म्हणून टिकत नाही. तीच तक्रार वेळ, फेऱ्या किंवा चढण्याची पद्धत यांवर केली तर टिकते.

आणि एकाच माणसाने शेकडो तक्रारी करू नयेत. २०१५ साली वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाकडे आलेल्या ८,७६० तक्रारींपैकी ६,८५२ एकाच घरातून होत्या. अशा आकडेवारीने खऱ्या त्रासाचेही वजन जाते. चाळीस घरांतून प्रत्येकी दोन सुबक नोंदी आल्या तर त्या वाचल्या जातात.

४. मोजणी

फोनमधले ॲप कालपेक्षा आज जास्त की कमी एवढे सांगू शकते. कायदेशीर दाव्यासाठी आयईसी ६१६७२ मानकाचा वर्ग १ ध्वनिमापक लागतो. तो महाग असतो, पण भाड्याने मिळतो.

मापक जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर आणि भिंतींपासून किमान ३.५ मीटर दूर उभा करा. भिंतीजवळ मोजले तर परावर्तनाने सुमारे ३ डेसिबल फुकट वाढतात, आणि समोरच्या बाजूचा तज्ज्ञ पहिल्यांदा हेच दाखवून देतो. ए-वेटिंग आणि 'स्लो' ही मांडणी निवडा. विमानांसाठी हीच रूढ आहे. वाऱ्याची टोपी लावा आणि वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर असेल तर मोजणी सोडून द्या. सुरुवातीला व शेवटी ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासणी करा. दोन वाचनांत ०.५ डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर मधली सगळी मोजणी टाकून द्यावी लागते. एसईएल काढायचा असेल तर विमानाचा आवाज पार्श्वभूमीपेक्षा किमान १० डेसिबल वर चढला पाहिजे, नाहीतर त्यात रस्ता आणि कुत्रीही मोजली जातात.

५. कोणाच्या हातात काय आहे

सगळे पत्र विमानतळ व्यवस्थापकाला पाठवणे ही सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. त्याच्या हातात असते ते जमिनीवरचे: इंजिन चाचणीची जागा आणि वेळ, विमानतळाची कामाची वेळ, भाडेकरू प्रशिक्षण संस्थांशी करार, आवाजानुसार शुल्क. हवेतले मार्ग हवाई वाहतूक नियंत्रण आणि राष्ट्रीय नागरी विमानन प्राधिकरण ठरवते. विमानाने किती आवाज करावा हे आंतरराष्ट्रीय नागरी विमानन संघटनेच्या परिशिष्ट १६ च्या खंड १ मध्ये आहे, आणि हे परिशिष्ट १९७१ मध्ये स्वीकारले गेले. आणि धावपट्टीच्या टोकाशी नव्या इमारतींना परवानगी कोण देते? नगरपालिका. तिच्याकडे कोणी पत्र पाठवत नाही, हे दुर्दैव.

अधिकार ओलांडले की काय होते याचे धडे न्यायालयांत सापडतात. अमेरिकेत बरबँक शहराने जेट विमानांवर घातलेली रात्रीची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रद्द केली. न्यूयॉर्क राज्यातल्या ईस्ट हॅम्प्टन गावाने २०१५ मध्ये लावलेले निर्बंध २०१६ मध्ये अपील न्यायालयात पडले, कारण १९९० च्या संघीय कायद्याने घालून दिलेली अभ्यास व मंजुरीची प्रक्रिया पाळली नव्हती. फ्लोरिडातल्या नेपल्स विमानतळाने मात्र तोच अभ्यास रीतसर केला, जुन्या गोंगाटी जेट विमानांवर बंदी घातली, आणि २००५ मध्ये ती न्यायालयात टिकली. प्रक्रिया कंटाळवाणी असते. तरी तिच्यावर घालवलेले वर्ष वाया जात नाही.

६. मागणी काय करावी

आंतरराष्ट्रीय पातळीवर २००१ मध्ये 'संतुलित दृष्टिकोन' स्वीकारला गेला: विमानेच शांत करणे, जमीन-वापर, उड्डाणाच्या पद्धती आणि निर्बंध. यात निर्बंध हा पहिला उपाय मानलेला नाही. म्हणून आधी पद्धतींवर बोला. तिथे मिळण्यासारखे खूप आहे आणि मंजुरीही लवकर मिळते.

जेटच्या चढण्याच्या दोन मान्य पद्धती आहेत. पहिलीत किमान ८०० फुटांवर शक्ती कमी करून ३००० फुटांपर्यंत कमी वेगाने उंच चढतात आणि मग फ्लॅप मिटतात. दुसरीत ८०० फुटांनंतर लगेच वेग वाढवत फ्लॅप मिटतात. पहिलीने विमानतळालगतची वस्ती वाचते, दुसरीने दूरची. तुमचे घर धावपट्टीपासून किती अंतरावर आहे हे पाहिल्याशिवाय यातली एक मागू नका. चुकीची मागितलीत तर आवाज तुमच्याच डोक्यावर वाढेल.

उतरताना सलग उताराची मागणी करा. ३ अंशांच्या उताराला दर सागरी मैलाला (सुमारे १.८५ किलोमीटरला) सुमारे ३०० फूट उतरावे लागते. मध्ये सपाट उडण्याचा टप्पा आला की इंजिनाची शक्ती वाढवावी लागते आणि त्या पट्ट्यातल्या लोकांना ती ऐकू येते. उतार वाढवणे ही निराळी गोष्ट आहे. लंडन सिटीला ५.५ अंशांचा उतार आहे, पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघांना खास मान्यता लागते.

सर्किटची उंची वाढवा ही मागणी लोकप्रिय आहे. तिचे फळ किती ते आधी मोजा. अंतर दुप्पट झाले तर सुमारे ६ डेसिबल कमी होतात. ८०० फुटांवरून १००० वर गेलात तर दोनच्या आसपास मिळतात, १००० वरून १५०० वर गेलात तर साडेतीन. शिवाय उंच सर्किट रुंद होते, विमान जास्त वेळ पूर्ण शक्तीवर चढते, आणि नवी घरे त्याच्याखाली येतात. माझ्या मते लहान विमानतळावर यापेक्षा चार गोष्टी जास्त कामाच्या आहेत: सुरक्षित उंची गाठताच प्रोपेलरच्या फेऱ्या कमी करणे, शाळा आणि रुग्णालये चुकवून सर्किटचा आकार आखणे, एका वेळी सर्किटमध्ये किती विमाने यावर मर्यादा, आणि सुट्टीच्या दिवशी टच-अँड-गोला, म्हणजे चाके टेकवून लगेच पुन्हा उडण्याला, ठरावीक तास. जर्मनीत लहान हवाईपट्ट्यांवर दुपारी आणि शनिवार-रविवारी सर्किट उड्डाणांवर बंधने आहेत आणि जास्त शांत ठरलेल्या विमानांना त्यांतून सूट आहे. या सवलतीमुळेच तिथे सायलेन्सर आणि जास्त पात्यांचे, कमी व्यासाचे प्रोपेलर बसवण्यात मालकांचा फायदा असतो. सवलत देणारा नियम नुसत्या मनाईपेक्षा जास्त काम करतो.

हेलिकॉप्टरसाठी मोठ्या रस्त्यावरून किंवा नदीवरून जाणारा मार्ग मागा. तिथे मुळातच गोंगाट असतो किंवा वस्ती नसते. धडकणाऱ्या भोवऱ्यांचा तो वेग-उताराचा पट्टा टाळण्याच्या पद्धती प्रत्येक प्रकारासाठी उपलब्ध असतात. चालकांना त्या लेखी पाळायला सांगता येते.

धावपट्टी बदलण्याच्या मागणीला एक कठोर सीमा आहे. आडवा वारा झोतांसह १५ नॉटच्या (तासाला १५ सागरी मैलांच्या) वर किंवा मागचा वारा ५ नॉटच्या वर असेल तर आवाजाच्या कारणावरून धावपट्टी निवडायची नाही, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. ही सीमा ओलांडणारी मागणी केली की बाकीच्या योग्य मागण्याही संशयित ठरतात.

मार्ग हलवताना तर फारच जपा. उपग्रहाधारित मार्गांवर विमाने पूर्वीसारखी पसरत नाहीत, एका अरुंद रेषेत जातात. फिनिक्समध्ये २०१४ साली असे मार्ग लोकांशी पुरेसे न बोलता सुरू झाले. २०१७ मध्ये न्यायालयाने ते रद्द ठरवले. तुमच्या गल्लीतला आवाज शेजारच्या गल्लीत ढकलणारा प्रस्ताव मांडण्यापूर्वी त्या गल्लीतल्या लोकांना बैठकीला बोलवा.

७. निर्बंधच हवे असतील तर

सिडनी विमानतळावर १९९५ च्या कायद्याने रात्री ११ ते सकाळी ६ विमानांना संचारबंदी आहे. सरसकट बंदी जिथे शक्य नाही तिथे लंडनच्या विमानतळांवर १९९३ पासून चालणारी गुणपद्धत पाहा. प्रत्येक विमानाला त्याच्या प्रमाणित आवाजावरून गुण मिळतात, दर ३ डेसिबलला गुण दुप्पट होतात, आणि हंगामाला एकूण रात्रीचे गुण ठरलेले असतात. शांत विमान आणणाऱ्याला जास्त फेऱ्या मिळतात. ही कल्पना लहान विमानतळावर शुल्काच्या रूपात सहज उतरवता येते. प्रत्येक विमानाचे प्रमाणित आकडे त्याच्या ध्वनिप्रमाणपत्रात असतात आणि युरोपीय विमान सुरक्षा संस्था प्रकारवार यादी खुली ठेवते. नुसते 'प्रकरण ३ पूर्ण करते' (परिशिष्ट १६ मधली आवाजाची जुनी मर्यादा) यावर समाधान मानू नका. प्रकरण ४ त्यापेक्षा एकत्रित १० डेसिबल कडक आहे, आणि २०१७ अखेरपासून नव्या मोठ्या विमानांना लागू झालेले प्रकरण १४ आणखी ७ ने.

८. घरात

खिडकी उघडी असेल तर घर फार तर १० ते १५ डेसिबल अडवते. जुन्या खिडकीच्या आतून १०० मिलिमीटरची पोकळी ठेवून दुसरी जाड काच बसवणे हा चांगला उपाय, पण फटी राहिल्या तर सगळा खर्च बुडतो. हवा खेळती ठेवण्याची वेगळी सोय केली नाही तर लोक उकाड्याने खिडकी उघडतात. झोपण्याच्या खोलीपासून सुरुवात करा आणि छत विसरू नका. विमानाचा आवाज वरून येतो.

९. ठरलेले कागदावर आणा

विमानतळाची अधिकृत माहिती देशाच्या वैमानिकी माहिती पुस्तिकेत, म्हणजे एआयपीत असते. तिच्यात आवाज कमी करण्याच्या पद्धतींसाठी स्वतंत्र कलम आहे: एडी २.२१. काहीही मागण्यापूर्वी ते वाचा. कित्येकदा हवी ती पद्धत तिथे आधीच छापलेली असते आणि फक्त पाळली जात नसते. मग लढाई नवा नियम करण्याची उरत नाही. आणि ते कलम रिकामे असेल तर प्रशिक्षण संस्थेशी झालेला तोंडी समझोता बाहेरून येणाऱ्या वैमानिकापर्यंत कधीच पोहोचत नाही, कारण तो फक्त ही पुस्तिका वाचतो.

बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्राने प्रसिद्ध होतात, आणि मजकूर त्याच्या कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो. समितीत तारीख ठरवताना हे धरून चाला. प्रसिद्धीनंतर पहिले तीन महिने त्याच जागी, त्याच मापकाने, त्याच रकान्यांत पुन्हा नोंद करा. मार्गापासून किती विमाने भरकटली आणि त्यांतली किती स्थानिक, किती पाहुणी, हे वेगळे काढा. स्थानिक वैमानिकांसाठी प्रशिक्षकांशी एक बैठक पुरते. पाहुण्यांसाठी धावपट्टीच्या सुरुवातीला, वैमानिकाला थांबल्यावर दिसेल असा फलक लागतो.